उष्णतेची वाट : तापलेल्या प्रोसेसरचे निदान शिकणाऱ्यांसाठी प्रस्तावना

कॉम्प्युटरचा प्रोसेसर जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. आकडेमोड करण्यात किंवा चित्र दाखवण्यात तिचा मोठा वाटा खर्ची पडत असेल, अशी अनेकांची समजूत असते. ती खरी नाही. हिशेब होतो, उत्तर मिळते आणि घेतलेली वीज उष्णता म्हणून शिल्लक राहते. २०२० च्या अखेरीस आलेला एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स पाहा. पूर्ण कामाला जुंपला की तो १४२ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो आणि त्यातली बरीचशी सुमारे ८० चौरस मिलिमीटरच्या एकाच सिलिकॉनच्या तुकड्यात जिरते. म्हणजे जेमतेम नऊ मिलिमीटर लांब आणि तेवढीच रुंद जागा. त्याच मालिकेतला मोठा ५९००एक्स मर्यादेने तेवढीच वीज घेतो, पण त्यात असे दोन तुकडे असल्याने उष्णता विभागली जाते. म्हणून स्वस्तातला प्रोसेसर तापतो आणि महागातला तुलनेने थंड राहतो. कूलर तोच, वीज तेवढीच, मग असे का, म्हणून ग्राहक चक्रावतात.

हे कोडे ज्याला उलगडले, त्याला या विषयात प्रवेश मिळाला असे समजायला हरकत नाही. उष्णता किती आहे एवढे पाहून भागत नाही. ती केवढ्या जागेतून निघते आणि कोणत्या वाटेने खोलीतल्या हवेपर्यंत पोचते, हे पाहावे लागते. डेस्कटॉपच्या प्रोसेसरचा ताप शोधणे म्हणजे त्या वाटेवर नेमके कुठे अडले आहे ते शोधणे. या पुस्तकाला एवढेच म्हणायचे आहे.

पुस्तक कोणासाठी, तेही सांगून टाकतो. आयटीआय आणि पॉलिटेक्निकचे विद्यार्थी, लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत दुकानात उमेदवारी करणारी मुले, शाळेची कॉम्प्युटर लॅब सांभाळण्याचे काम गळ्यात पडलेले शिक्षक आणि घरचा असेंबल्ड पीसी स्वतः उघडून बघण्याची हौस असलेले कोणीही. वजाबाकी आणि भागाकार येत असला की पुरे.

दुरुस्तीच्या धंद्यात या तक्रारीचे काय होते, ते सर्वांनी पाहिले आहे. ग्राहक सांगतो, ‘गेम लावला की आपोआप बंद पडतो.’ पहिले उत्तर ठरलेले असते: ‘फॉरमॅट मारून बघू.’ त्याने काही झाले नाही की कॅबिनेट उघडून ब्लोअर मारला जातो, पेस्ट बदलली जाते, एक जादा पंखा बसतो आणि जमलेच तर बायोसही अपडेट होते. कॉम्प्युटर चालू लागतो. नेमका कशाने चालू लागला, हे कोणालाच ठाऊक नसते. सहा महिन्यांनी तोच कॉम्प्युटर परत येतो तेव्हा सगळे पहिल्यापासून. दुकानदाराला मी नावे ठेवत नाही. समोर चार गिऱ्हाइके उभी असताना त्याला याहून वेगळे करणे परवडतही नाही. पण शिकणाऱ्याने हे करू नये. चार गोष्टी एकदम बदलल्या की दुरुस्ती होते, निदान होत नाही.

हा प्रश्न आजचा नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कामाला लागलेल्या टिफ्रॅकमध्ये सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. ट्यूब आतून तापल्याशिवाय कामच करत नाही, त्यामुळे तिथे उष्णता हा दोष नव्हता, ती कामाची अट होती. ट्रान्झिस्टरने ती अट काढून टाकली, पण ट्रान्झिस्टर दाटीवाटीने बसू लागले तशी उष्णता मागच्या दाराने परत आली. १९८५ चा क्रे-२ हा महासंगणक वीज न वाहणाऱ्या फ्लोरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवून ठेवावा लागे. घरगुती कॉम्प्युटरला मात्र बराच काळ काही लागले नाही. ३८६ उघडाच चाले. ४८६ च्या वेगवान आवृत्त्यांच्या डोक्यावर हीटसिंक दिसू लागले आणि पेंटियमच्या काळात पंखा नेहमीचा झाला.

मधल्या काळात आपण निर्धास्त राहिलो, त्याचे श्रेय एका नियमाला आहे. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवले, तर दर चौरस मिलिमीटरमागे लागणारी वीज वाढत नाही. तीसेक वर्षे यावर उद्योग पोसला गेला. मग व्होल्टेज आणखी उतरेना. ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज गळू लागली, आणि ही गळती तापमानाबरोबर वाढते: चिप तापली की जास्त गळते, जास्त गळाली की आणखी तापते. २००४ मध्ये इंटेलने ९० नॅनोमीटरचा ‘प्रेस्कॉट’ पेंटियम ४ आणला. लहान ट्रान्झिस्टरमुळे तो थंड असायला हवा होता; तो आधीच्यापेक्षा जास्त तापला आणि टवाळांनी त्याचे ‘प्रेसहॉट’ असे बारसे केले. त्याच्या मागून यायचा ‘टेजास’ इंटेलने त्याच वर्षी रद्द केला. २००६ च्या कोअर २ पासून घड्याळाचा वेग वाढवण्याची शर्यत थांबली आणि एकाऐवजी अनेक कोअर देण्याची पद्धत रुळली. आज आपण चार, आठ, सोळा कोअर मोजतो, त्यामागे मुळात उष्णतेपुढची ही माघार आहे.

याच काळातली आणखी एक गोष्ट शिकणाऱ्याने लक्षात ठेवावी. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअरने एक चित्रफीत दाखवली. चालू कॉम्प्युटरवरचा हीटसिंक त्यांनी काढून घेतला. त्या वेळचा एएमडी अॅथलॉन काही क्षणांत धूर काढून मेला. पेंटियम ४ नुसता मंदावला, त्यावरचा खेळ अडखळत चालू राहिला, कारण स्वतःचे तापमान पाहून वेग उतरवण्याची सोय त्याच्या आतच होती. आता ती सोय सगळ्यांतच असते. त्यामुळे आजचा प्रोसेसर उष्णतेने जळाल्याचे क्वचितच दिसते. तो मंदावतो, आणि मंदावूनही भागले नाही तर स्वतःला एका झटक्यात बंद करतो. निळा पडदा नाही, इशारा नाही. दिवा गेल्यासारखा कॉम्प्युटर जातो. म्हणून ‘स्लो झालाय’ आणि ‘आपोआप बंद पडतो’ या दोन्ही तक्रारींमागे उष्णता असू शकते. ‘असू शकते’ हा शब्दप्रयोग मुद्दाम केला आहे. एसएमपीएस कमकुवत झाला तरी कॉम्प्युटर असाच जातो, आणि तेव्हा प्रोसेसरच्या कूलरशी केलेली झटापट फुकट जाते. काम वाढताक्षणी बंद पडणे आणि काम सुरू होऊन काही वेळाने बंद पडणे, यांत फरक करायला शिकले पाहिजे.

आता गाभ्याकडे येऊ. सिलिकॉनपासून खोलीपर्यंतची वाट अशी: सिलिकॉन, त्यावरचे धातूचे झाकण, थर्मल पेस्ट, हीटसिंकचा तळ, उष्णतावाहक नळ्या, फिन्स, फिन्समधून जाणारी हवा, कॅबिनेटमधली हवा आणि शेवटी खोली. पाटाच्या पाण्याचे जसे असते, तसेच इथे: एका जागी गाळ साचला की बाकीचा पाट कितीही रुंद असला तरी उपयोग नसतो. ही वाट चांगली आहे की वाईट, हे एका भागाकाराने कळते. प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचे तापमान वजा करा आणि उत्तराला प्रोसेसर घेत असलेल्या वॅटने भागा.

उदाहरण घेऊ. खोली ३० अंश, प्रोसेसर ६५ वॅट घेतो आहे आणि ७५ अंशांवर स्थिरावला आहे. फरक ४५, भागाकार सुमारे ०.७ अंश प्रति वॅट. काही महिन्यांनी हीच चाचणी केली, खोली तीच, वॅट तेवढेच, पण तापमान ९५. फरक ६५, भागाकार बरोबर १. वाट बिघडली आहे. पेस्ट, पंखा, धूळ यांकडे वळा. आता तिसरी शक्यता पाहा. तापमान ९३ दिसते आहे, पण प्रोसेसर ९० वॅट घेतो आहे. फरक ६३, भागाकार पुन्हा ०.७. इथे वाट धडधाकट आहे. कितीही पेस्ट बदला, हाती काही लागणार नाही. वीज का वाढली, ते शोधायला हवे. तापमान दोन्ही वेळा नव्वदीतलेच. रोग पूर्ण वेगळे. केवळ तापमान पाहून उपचार सुरू करणाऱ्यांशी माझे भांडण आहे ते इथे.

हे आकडे मिळवणे अवघड नाही. विंडोजचा टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वापर दाखवतो, पण तापमानासाठी एचडब्ल्यूइन्फोसारखी मोफत साधने लागतात. त्यांत वॅटही दिसतात आणि प्रोसेसर उष्णतेमुळे मंदावला का, याचीही नोंद असते. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स आहे. खोलीच्या तापमानासाठी भिंतीवरचा साधा थर्मामीटर पुरतो, फक्त तो कॅबिनेटच्या मागच्या गरम झोतात टांगू नये.

भागाकाराने वाट बिघडल्याचे कळते, कुठे बिघडली ते कळत नाही. त्यासाठी वेळ पाहायची. काम सुरू करताच एक-दोन सेकंदांत तापमान चाळिशीतून नव्वदीत गेले आणि काम थांबवताच तसेच खाली आले, तर उष्णता कूलरमध्ये शिरतच नाही. हीटसिंकला बोट लावून पाहा. प्रोसेसर ९५ सांगतो आहे आणि हीटसिंक जेमतेम कोमट आहे, असे असेल तर दोष त्या दोघांच्या मध्ये आहे. उलट हीटसिंकला बोट टेकवत नसेल, तर उष्णता तिथवर नीट पोचली आहे. ती उचलून नेणारी हवा कमी पडते. तापमान पंधरा-वीस मिनिटे हळूहळू चढत राहत असेल, तर संशय कॅबिनेटवर घ्यावा. बाजूचे पॅनेल काढून तीच चाचणी पुन्हा करा. आठ-दहा अंश उतरले तर कूलरला हातही लावू नका. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेची सोय बघा. उघड्या कॅबिनेटसमोर टेबलफॅन लावून वर्षानुवर्षे काम चालवणारे लोक आपल्याकडे आहेत. त्यांनी खरे तर निदान अचूक केलेले असते, फक्त उपाय तिथेच सोडून दिलेला असतो. सुरुवातीची उडी पाहताना मात्र ५८००एक्स आठवा: लहान तुकड्यात दाटलेली उष्णता थोडी उडी मारणारच. म्हणून त्या कॉम्प्युटरची निरोगी असतानाची नोंद जवळ हवी. पाण्याच्या कूलरमध्ये पाणी तापायलाच वेळ लागतो. तिथे पाच मिनिटांच्या चाचणीवर विश्वास ठेवू नये, अर्धा तास तरी थांबावे.

कूलर काढायची वेळ आली की घाई करू नये. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये प्रोसेसरच्या पिना सॉकेटमध्ये नुसत्या धरून ठेवलेल्या असतात. जुनी पेस्ट वाळून घट्ट झालेली असली आणि कूलर सरळ वर ओढला, तर प्रोसेसर त्याला चिकटून पिनांसकट उपटून येतो. आधी कॉम्प्युटर दहा मिनिटे चालवून पेस्ट ऊबदार करावी, बंद करून वायर काढावी, मग कूलर डावी-उजवीकडे हलका पिळत सैल करावा.

निघाला की पुसू नका. सगळ्यात महत्त्वाचा पुरावा त्याच क्षणी समोर असतो आणि बहुतेक जण तो टिश्यूने पुसून टाकतात. तळावर पेस्टचा जो ठसा उमटला आहे, तो उजेडात धरा. मधोमध पेस्ट इतकी पातळ की धातू दिसतो, आणि कडेला ती दाबून बाहेर आली आहे, तर दाब नीट होता. एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला जाड, पांढरी, खडूसारखी भुकटी झालेली, तर कूलर तिरका बसला होता. इंटेलच्या सोबत येणाऱ्या कूलरमध्ये हे फार दिसते. त्याच्या चार खुंट्यांपैकी एखादी अर्धवटच बसलेली असते. खुंटीच्या डोक्यावरचा बाण सुटण्याची दिशा दाखवतो, तो बसवण्यासाठी आहे असे समजून लोक फिरवतात आणि ती सैल होते. मदरबोर्ड मागून पाहिला की खात्री होते: चारही ठिकाणी पांढरे पाय फाकलेले आणि त्यांच्या मधून काळी सळी बाहेर आलेली दिसली पाहिजे. आणि नवीन कूलरच्या तळावर चिकटवलेली पारदर्शक फिल्म तशीच ठेवून बसवलेले कूलर अजूनही निघतात. हसू नये, पाहावे.

पेस्टबद्दल बाजारात जेवढी श्रद्धा आहे तेवढी ती कामाची नाही. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, हवेची ०.०२६ आणि बऱ्यापैकी पेस्टची एका अंकातली किंवा फार तर दहाच्या आसपास. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा कितीतरी बरी आणि तांब्यापुढे अगदीच सामान्य. दोन पृष्ठभागांमधल्या बारीक फटींतली हवा हुसकणे, एवढेच तिचे काम. जाड थर दिला की वाट लांबते. द्रव धातूच्या नावाने जे विकले जाते ते गॅलियमचे मिश्रण असते. ते अॅल्युमिनियम पोखरते आणि त्यातून वीजही वाहते. शिकणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

धूळ हा त्यामानाने सोपा विषय, तरी एक खोच आहे. वरून स्वच्छ दिसणाऱ्या कूलरचा पंखा काढून खाली पाहावे. पंखा आणि फिन्स यांच्या मध्ये साचलेला थर वरून दिसत नाही, आणि बोटाने कडेला उचलला तर अखंड निघून येतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर भन्नाट फिरून बेअरिंग जाते. स्वयंपाकघराजवळच्या किंवा रोज उदबत्ती लागणाऱ्या जागेतल्या कॉम्प्युटरमधली धूळ चिकट असते. तिला हवा पुरत नाही, ब्रश लागतो.

आता तापमानाविषयी. ‘ऐंशीच्या वर गेला की धोका’ हा जुन्या लोकांचा अडाखा आता चालत नाही. इंटेलच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. २०२२ चे रायझन ७००० पूर्ण कामाखाली ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच आखलेले आहेत. उष्णतेला जागा शिल्लक असेल तोवर ते वेग वाढवत राहतात. अशा प्रोसेसरला मोठा कूलर लावला तर तापमान तेवढेच राहून वेग वाढतो, आणि पैसे वाया गेले म्हणून ग्राहक दुकानात येतो. सेन्सरचे सांगणेही कधीकधी फसवे असते. २०१७ च्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्स मध्ये कळवल्या जाणाऱ्या तापमानात २० अंश मुद्दाम मिळवलेले होते. हे माहीत नसलेल्यांनी बिनदिक्कत कूलर बदलले. बायोसच्या पडद्यावरचे तापमानही विंडोजमध्ये निवांत असतानाच्या तापमानापेक्षा जास्तच दिसते, कारण तिथे प्रोसेसर वीज वाचवण्याच्या अवस्थेत जात नाही.

वीज जास्त का जाते, या प्रश्नाला या पुस्तकात मी मुद्दाम जास्त पाने दिली आहेत, कारण दुरुस्तीच्या टेबलावर तो सहसा कोणी विचारत नाही. चिपची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२५ चे १.४० व्होल्ट केले तर व्होल्टेज १२ टक्के वाढले, पण उष्णता २५ टक्के. अनेक मदरबोर्ड कारखान्यातूनच प्रोसेसरच्या वीजमर्यादा सैल करून येतात, म्हणजे परीक्षणात चार गुण जास्त मिळतात. कोअर आय९-१३९००के ची मूळ मर्यादा १२५ वॅट आणि कमाल २५३; ती कमालही उठवलेली असली तर कोणता कूलर पुरणार? बायोसमध्ये ती मर्यादा पूर्ववत केली की पंधरा अंश उतरतात आणि वेगातला फरक रोजच्या कामात जाणवतही नाही. कधी कारण आणखी साधे असते: मागे गुपचूप चालणारा एखादा प्रोग्रॅम, किंवा दुसऱ्याच्या फायद्यासाठी नाणी खणणारा मालवेअर. काहीच उघडे नसताना वापर ३०-४० टक्के दिसला तर स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवावा.

आणि खोली. वरचा भागाकार उलटा वाचला तर खोलीचे तापमान प्रोसेसरच्या तापमानात सरळ मिळवले जाते, त्यात सूट नाही. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत ७५ वर चालणारा नागपूरचा कॉम्प्युटर मे महिन्यात ४२ अंशांच्या पत्र्याखालच्या खोलीत ९२ वर जाणार. त्यात बिघाड काहीच झालेला नाही. विदर्भातले वाचक हे वाचून हसतील. त्यांना उन्हाळ्यात कॉम्प्युटरच्या आधी खोलीकडे बघायला कोणी शिकवावे लागत नाही. कोकणात आणि गोव्यात तापमानापेक्षा दमट, खारी हवा त्रास देते: धूळ ओलसर होऊन फिन्सना चिकटते, पंख्याच्या कनेक्टरवर गंज चढतो. राज्यभर सारखा असलेला शत्रू म्हणजे सनमायकाचे कॉम्प्युटर टेबल. त्यात कॅबिनेटसाठी केलेला तीन बाजूंनी बंद कप्पा गरम हवा आतल्या आत फिरवत ठेवतो. कॅबिनेट त्यातून बाहेर काढून ठेवण्याचा खर्च शून्य आहे.

या पुस्तकात लॅपटॉप नाहीत. त्यांची रचना आणि त्यांची दुखणी वेगळी. ओव्हरक्लॉकिंग नाही. प्रोसेसरचे धातूचे झाकण उचकटून आतली पेस्ट बदलण्याचा जो प्रकार २०१२ च्या आयव्ही ब्रिजनंतर हौशी मंडळींत पसरला, त्याची माहिती एका परिशिष्टात आहे, कृती नाही. आणि एसएमपीएस उघडण्याबद्दल एक ओळही सापडणार नाही. वायर काढून ठेवल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जिवाला धोका होईल एवढी वीज शिल्लक राहू शकते.

प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील, फक्त मोजमापाचे दुसरे प्रकरण वगळू नये. त्याच्या आधी एक पान कोरे सोडले आहे. आपला कॉम्प्युटर नीट चालत असेल त्याच दिवशी त्यावर पाच नोंदी करून ठेवाव्यात: तारीख, खोलीचे तापमान, निवांत असतानाचे प्रोसेसरचे तापमान, अर्धा तास पूर्ण कामाला लावल्यानंतरचे तापमान आणि त्या वेळी घेतलेले वॅट. पुढच्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणात या नोंदी लागणार आहेत.